भेगेचा नियम

इरा, निहार,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबांना नाही. माझ्या धाकट्या बहिणीला मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगायची, पण हे तिलाही नाही. ती गेली तेव्हा मनात पहिला विचार काय आला असेल? की आता हे ऐकणारं एक माणूस कमी झालं. पण ती होती तेव्हा तरी मी कुठे सांगितलं होतं?

इराचं पत्र आलं. पत्र म्हणजे तुमचा तो फोनवरचा निरोप. पण मी तो वहीत उतरवून घेतला, म्हणून माझ्यासाठी ते पत्रच. तुमच्या तिकडच्या नगरपालिकेच्या गोल्फ मैदानावर हौशी खेळाडूंची खुली स्पर्धा आहे आणि तिनं नाव दिलं आहे. आणि लिहिलं आहे, "आजी, आजोबांनी जिंकलेल्या स्पर्धेचा इतिहास लिहून पाठव ना. कुठे होतं ते मैदान, कोण खेळायचं, आजोबा कसे जिंकले. मला इथल्या लोकांना सांगायचं आहे."

मी लगेच कागद घेतला. समास आखला. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. पहिली दोन पानं सरळ लिहून झाली, आणि तिसऱ्या पानावर, जिथे "आजोबा कसे जिंकले" हे यायचं, तिथे हात थांबला. चार दिवस थांबला. आज बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं, आणि तुम्हालाही. पण ही गोष्ट मी एकदा इंग्रजीत लिहिलेली आहे, छापूनही झालेली आहे, आणि ती खोटी आहे. म्हणून हे मराठीत. अडलं तर बाबांना विचारा. त्यांनाही कळायला हवंच.

आधी इतिहास सांगते. तो खरा आहे आणि आनंदाचा आहे.

पोलिस अॅक्शन होऊन काही वर्षं झाली होती. आम्ही औरंगाबादला आलो ते आजोबांच्या पाटबंधारे खात्यातल्या नोकरीमुळे. (पाकिटावर मी छत्रपती संभाजीनगर लिहिते, बोलताना जुनं नाव येतं, तेवढं चालवून घ्या.) छावणीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक गोल्फचं मैदान होतं. निजामाचे अधिकारी आणि गोरे साहेब तिथे खेळायचे. ते गेले. मैदान राहिलं, आणि ते सांभाळणारे करीमचाचा राहिले. मैदान म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येतं तसं हिरवं काही नव्हतं. नऊ खड्डे, बाभळी, खुरटं गवत आणि काळी माती. खड्ड्याभोवती हिरवळ ठेवायची तर पाणी कुठून आणणार? म्हणून गोल चौथऱ्यावर बारीक चाळलेली रेती पसरायची आणि ती वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यात गाडीचं जळकं तेल कालवायचं. त्याला सगळे "ब्राउन" म्हणत. चेंडू ब्राउनवर आला की करीमचाचा गोणपाट गुंडाळलेला दांडा फिरवून खड्ड्यापर्यंत वाट सारखी करून देत. त्या तेलाचा वास अजून माझ्या नाकात आहे. गाडी दुरुस्तीच्या दुकानावरून गेले की मला मैदान आठवतं.

नव्या सरकारच्या काळात मैदानाच्या समितीचे जे अध्यक्ष झाले ते मोठ्या हुद्द्यावरचे, पण मोकळे गृहस्थ होते. ते म्हणाले, जमीन सरकारी, म्हणजे लोकांची. मग स्पर्धाही लोकांची. मराठवाड्यात राहणाऱ्या कुणीही यावं, चार दिवस खेळावं, ज्याचे फटके कमी तो जिंकला. पैसे घेऊन खेळ शिकवणारे नकोत, बाकी कुणीही चालेल. अशी ती हौशी खुली स्पर्धा सुरू झाली. होळीच्या आधीच्या आठवड्यात असायची. पहिल्या वर्षी बारा नावं आली. दोन वकील, एक दंतवैद्य, पैठण गेटाजवळचे एक कापडवाले, उरलेले सगळे सरकारी. "लोक" म्हणावेत असे त्यात कुणीच नव्हते, पण आम्हाला ते लक्षातही आलं नाही.

माझं काम चिटणिसाचं. नेमणूक झाली नव्हती. माझं इंग्रजी बरं आणि अक्षर चांगलं म्हणून ते माझ्याकडे आलं. सोडत काढणं, कार्डं आखणं, निकाल लावणं. मी मनापासून करायची. घरात सासू नाही, मूल अजून नाही, साहेब दिवसभर कालव्यावर. त्या मैदानानं मला सव्विसाव्या वर्षी काहीतरी करायला दिलं. याचे उपकार मी विसरलेले नाही. खरं तर या सगळ्या कागदात उपकारच जास्त आहेत. म्हणून तर लिहिणं जड जातं.

आता तो नियम.

काळी माती माघ-फाल्गुनात तडकते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि खोलही. चेंडू सरळ आत जातो. पहिल्या वर्षी यावरून भांडणं झाली. कुणाचाही चेंडू हरवला की तो म्हणणार, भेगेत गेला. मग अध्यक्षांनी मला स्थानिक नियम लिहायला सांगितला. मी लिहिला: चेंडू भेगेत जाताना मार्करनं, म्हणजे फटके मोजून कार्ड लिहिणाऱ्यानं, पाहिला असेल तर खेळाडूनं दंडाशिवाय तिथेच दुसरा चेंडू टाकावा. पाहिला नसेल तर चेंडू हरवला असं धरावं, एका फटक्याचा दंड बसावा आणि पुन्हा मूळ जागेवरून मारावं. पाच मिनिटं शोधायची मुभा. आणि शेवटी मी आपल्या मनानं एक ओळ घातली: मार्करचा शब्द अखेरचा. मला ती ओळ फार आवडली होती. किती नीटनेटकी! मग पद्धतच पडली—काळ्या मातीचा पट्टा आला की मार्करनं पुढे जाऊन बाजूला उभं राहायचं, चेंडू कुठे पडतो ते बघायला.

आणि भागाजी. त्याच्यापर्यंत येईपर्यंत मी एवढं लिहिलं, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

भागाजी धनगर. मैदानावर त्याची मेंढरं चरायची. निजामाच्या वेळेपासून त्याच्या बापाची चरायची. तेव्हा गवत कापायचं यंत्र कुठलं? मेंढरं गवत खुरटं ठेवत आणि त्या बदल्यात मैदानाच्या विहिरीवरच्या हौदात पाणी पीत. उन्हाळ्यात आसपास दुसरं पाणी नव्हतं. हरवलेले चेंडू भागाजी आणून द्यायचा. करीमचाचांनी त्याला एका गोऱ्या साहेबाची टाकून दिलेली लोखंडी काठी तार गुंडाळून दिली होती. मेंढरांच्या मागे हिंडता हिंडता तो त्या एका काठीनं चेंडू मारत राहायचा. कुणी शिकवलं नव्हतं. पायात जाड वहाणा, डोक्याला मुंडासं, आणि काठी अशी फिरायची की वाटावं, माणूस मारत नाहीय, नुसता वळतोय. करीमचाचा त्याला चिडवत, "क्या रे भागाजी, मेंढरां चराते चराते नवाब हो गया क्या?" तो म्हणे, "व्हय चाचा. तुमच्या ब्राउनवर उद्या मेंढरंच बशिवतो, नवाबाचा दरबार भरू द्या."

तिसऱ्या वर्षी समितीनं गवत कापायचं यंत्र मागवलं. खेळणाऱ्यांच्या बुटांना लेंड्या लागतात अशी तक्रार होती. मेंढरांना पाडव्यापर्यंतची मुदत दिली. भागाजी अध्यक्षांना भेटायला आला. क्लबघराच्या व्हरांड्याच्या पायरीखाली उभा राहिला. अध्यक्ष मजेत होते. म्हणाले, "अरे, तू एवढा खेळतोस म्हणे. दे की नाव. खुली स्पर्धा आहे. जिंकलास तर यंत्र परत पाठवू, मेंढरं राहतील."

सगळे हसले. भागाजी हसला नाही. म्हणाला, "साहेब, चार लोकांत बोलला तुम्ही. ध्यानात ऱ्हाऊ द्या."

मी त्याचं नाव यादीत लिहिलं. एकविसावं.

पहिल्या दिवशी लोक त्याला बघायला जमले ते गंमत म्हणून. दुसऱ्या दिवशी गंमत राहिली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निकाल लावला, तेव्हा सगळ्यांच्या वर दोनच नावं होती आणि दोघांचे फटके सारखे. तुमचे आजोबा आणि भागाजी.

आजोबांबद्दल एक सांगते, म्हणजे पुढे गैरसमज नको. त्यांना हे फार आवडलं होतं. रात्री जेवताना म्हणाले, "खरा खेळाडू तो आहे गं. मी आपला पुस्तक वाचून खेळणारा." त्यांना जिंकायचं होतं, पण खेळून जिंकायचं होतं. जे झालं त्यात त्यांचा काडीचा हात नाही. हे नीट लक्षात ठेवा.

चौथ्या दिवशी दोघं एकत्र खेळणार, तेव्हा मार्कर कोण, असा प्रश्न आला. एरवी खेळाडू एकमेकांची कार्डं लिहीत. भागाजीला लिहिता येत नव्हतं, तेव्हा तिसरं कुणी हवं. मेंढपाळाच्या मागे उन्हात चालायला कुणी तयार होईना. माझं नाव निघालं, तेव्हा दंतवैद्य म्हणाले, नवऱ्याच्या खेळात बायको मार्कर कशी चालेल? ते बरोबरच होतं. त्यावर भागाजीच बोलला. "बाईच असू द्या. बाई लिवतात ते बराबर असतं."

दुपारी खेळ सुरू झाला. नऊ खड्ड्यांच्या दोन फेऱ्या, म्हणजे अठरा खड्डे. सतरा खड्डे मी चोख काम केलं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. सांगते अशासाठी, की मला काम येत होतं. शेवटच्या खड्ड्याला आलो तेव्हाही दोघं बरोबरीत होते. ब्राउनच्या पलीकडे व्हरांडा, तिथे सगळे उभे. कुंपणाबाहेर भागाजीची बायको हौसा मेंढरं अडवून उभी. ब्राउनच्या अलीकडे उजव्या बाजूला काळ्या मातीचा पट्टा. पद्धतीप्रमाणे मी पुढे जाऊन त्या पट्ट्याच्या कडेला उभी राहिले. आजोबांचा चेंडू डावीकडे बाभळीमागे गेला होता, ते तिकडे होते. त्यांना इकडचं काही दिसत नव्हतं.

भागाजीनं दुसरा फटका मारला. चेंडू थोडा उजवीकडे आला. माझ्यापासून सात-आठ पावलांवर पडला, एकदा उडाला, आणि एका भेगेत गेला. मी पाहिला. आत जाताना पाहिला. पांढरं काहीतरी होतं आणि मग नव्हतं—इतकं स्वच्छ.

तो वहाणा वाजवत आला. "बाई, भेगंतच गेला न्हवं? तुमी बघितला ना?"

आणि मी म्हणाले, "नाही. मला दिसला नाही."

लिहिलं. साठाहून जास्त वर्षं हे वाक्य अडकलं होतं. लिहायला किती वेळ लागला? अर्धी ओळ.

मग पाच मिनिटं सगळ्यांनी शोधलं. आजोबा बाभळीमागून धावत आले. गुडघ्यावर बसून भेगांमध्ये काठी घालत होते, शर्टाला माती. करीमचाचा "इधर देखो, उधर देखो" करत होते. भेगा शेकडो. मी काय केलं? घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं झाल्यावर मी "वेळ संपली" म्हणाले. भागाजी माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं." नियमाप्रमाणे तो मागे गेला, पुन्हा मारला. तो चेंडू जवळजवळ त्याच जागी, दोन पावलं अलीकडे, कडक मातीवर थांबला. तिथून त्यानं एका फटक्यात ब्राउनवर आणला आणि पुढच्या फटक्यात खड्ड्यात घातला. दंड धरून सहा. आजोबांचे पाच. दंड आणि पुन्हा मारलेला फटका नसता तर भागाजीचे चार झाले असते.

आजोबा एका फटक्यानं जिंकले. जिंकला होता भागाजी, एका फटक्यानं.

तुम्ही म्हणाल, आजीची एक क्षणाची चूक. मीही बरीच वर्षं स्वतःला असंच सांगितलं. तोंडातून निघून गेलं—माणूस आहे. पण मग दुसऱ्या दिवशीचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी मैदानावर गेले. झेंडे उतरवायचे आहेत असं घरी सांगितलं. सरळ त्या भेगेपाशी गेले. शोधावं लागलं नाही. वाकून पाहिलं. हातभर खाली चेंडू होता. काढता आला असता. हातात घेऊन व्हरांड्यात गेले असते आणि म्हणाले असते, हा बघा, सापडला, माझी नजर चुकली. माझं नावही फार खराब झालं नसतं. आजोबांनी तर उडी मारून भागाजीला चषक दिला असता. यंत्राचं खोकं अजून उघडलंही नव्हतं.

मी बुटाच्या टाचेनं भेगेची कड फोडली. ढेकळं आत ढकलली. भेग भरली. वरून पाय फिरवला.

तेव्हा ऊन कोवळं होतं, मी पोटभर चहा पिऊन आले होते, कुणी मला काही विचारत नव्हतं. तो क्षण नव्हता. मी ते ठरवून केलं.

का? याचंही एक खोटं उत्तर मी जवळ बाळगून होते—नवऱ्यावरच्या प्रेमापोटी. ऐकायला बरं वाटतं. पण प्रेम असतं तर मी त्यांना तो चेंडू दिला असता. कारण दुसरं होतं. शेवटच्या खेळाच्या आदल्या दिवशी व्हरांड्यात चहाच्या वेळी एक बाई मला म्हणाल्या, "उद्या साहेब हरले तर पेढे कोण वाटणार हो, तुम्ही की मेंढरं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि तेव्हाच मनात बसलं की हे होता कामा नये. वकिलाकडून हरले असते, दंतवैद्याकडून हरले असते, तर मी खरं बोलले असते. मला खात्री आहे. भागाजी धनगर होता, पायरीखाली उभा राहणारा होता, म्हणून मी बोलले नाही. मी, जी घरच्या मोलकरणीला अक्षरओळख शिकवत होते. मी, जी लोकांची स्पर्धा म्हणून इंग्रजीत पत्रकं लिहीत होते.

आजोबांनी खेळ झाला त्या रात्री एकदाच विचारलं, "तुला खरंच दिसला नाही?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "भेगेतच गेला असणार. फार वाईट वाटतं." दुसऱ्या दिवशी ते अध्यक्षांकडे गेले, मेंढरं राहू द्या म्हणून सांगायला. अध्यक्ष म्हणाले, "मी शब्द जिंकण्यावर दिला होता, आणि नियम तर तुमच्या घरातच लिहिलाय." आजोबा परत आले. चषक त्यांनी बैठकीत कधी ठेवला नाही, कपाटात वर ठेवला. का, ते मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

पाडव्याच्या आधी भागाजी आणि हौसा मेंढरं घेऊन वेरूळच्या रस्त्यानं निघाले, तिथून कन्नडकडे, देवगाव रंगारीला, हौसाच्या भावाकडे. त्या उन्हाळ्यात तिकडे पाणी नव्हतं. करीमचाचांनी मला सांगितलं, निम्मी मेंढरं गेली. पुढे भागाजी साखर कारखान्यात उसाच्या गाड्या रिकाम्या करायला लागला.

इथे गोष्ट संपली असती तर मला लिहायला बरं पडलं असतं. भागाजीनं तोंड फिरवलं असतं, मी अपराधी राहिले असते, हिशोब सरळ. पण तसं झालं नाही.

पुढच्या वर्षी करीमचाचांचे हात चालेनात, आणि ब्राउनची रेती कालवायचं माप दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. त्यांनी भागाजीला निरोप धाडला. तो एसटीनं आला. आठ दिवस राहिला, नऊही ब्राउन करून दिले. मी त्याच्यासमोर जायचं टाळत होते. तोच आला. म्हणाला, "बाई, तुमी नुसत्या लिवत का बसता? दोन हात हाणा की." मी म्हटलं, मला येत नाही. "मला तरी कुटं येत व्हतं? मान खाली ठिवा. चेंडू गेल्यावर बगा. आदी बगायचं नाय."

त्यानं मला खेळायला शिकवलं. त्यानंतर अठरा वर्षं दर फाल्गुनात तो येत राहिला, स्पर्धेच्या आधी आठ दिवस. स्वतः पुन्हा कधी नाव दिलं नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "एकदा खेळलो. लई झालं." तुमच्या बाबांच्या हातात पहिली काठी त्यानं दिली. माझ्या गुलाबांसाठी दर वर्षी लेंडीखत आणायचा, एसटीच्या टपावरून, कंडक्टरशी भांडून. मी दोनदा बायकांची स्पर्धा जिंकले, तेव्हा व्हरांड्याच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या त्यानंच वाजवल्या. पायरीवर—तोपर्यंत अध्यक्ष बदलले होते.

आजोबा गेल्यावर मला घरात बसवेना. मी रोज सकाळी मैदानावर जायची, एकटी नऊ खड्डे चालायची. शहात्तराव्या वर्षापर्यंत चालले. मान खाली, चेंडू गेल्यावर बघायचं. त्या सकाळींनी मला जगवलं. इरा, तुझ्या हातात जी काठी आहे ती तुझ्या बाबांकडून आली, बाबांकडे भागाजीकडून. आपल्या घरात हा खेळ त्याच्यामुळे आहे. मी ज्याचं घेतलं त्यानं मला इतकं दिलं, आणि मी ते दर वर्षी हात पुढे करून घेत राहिले. मी कृतज्ञ आहे. पण हा शब्द लिहिताना मला त्याची लाज वाटते, हेही खरं.

आणि अजून एक. स्पर्धेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा समितीनं इतिहासाची छोटी इंग्रजी पुस्तिका काढली. लिहायला अर्थातच मी. तिसऱ्या वर्षाचं पान आलं. मी तिथे एक वाक्य लिहिलं, की अखेरच्या खड्ड्यावर प्रतिस्पर्ध्याचा चेंडू दुर्दैवानं हरवल्यामुळे विजेतेपद आमच्याकडे आलं. "दुर्दैवानं." प्रतिस्पर्ध्याचं नावही लिहिलं नाही. मुद्रितं मी स्वतः तपासली. तीनदा.

बाबा तुम्हाला सांगतील, काही वर्षांपूर्वी ते दिवाळीला आले होते तेव्हा मी त्यांना गाडी काढायला लावली आणि देवगावला नेलं. जुन्या ओळखीच्या माणसाला भेटायचंय, एवढंच सांगितलं होतं. मी सांगायला गेले होते. सबंध रस्ता वाक्यं जुळवत होते.

भागाजी अंगणात बाजेवर बसला होता. दिसायला कमी झालं होतं, पण आवाजावरून ओळखलं. "बाईसायेब! अगं हौसा, बाई आल्यात, च्या ठिव." हौसानं माझे पाय धरले, मी मागे सरकले. चहा झाला. बाबा शेत बघायला भागाजीच्या सुनेबरोबर गेले. आम्ही तिघंच राहिलो. मी म्हटलं, "भागाजी, त्या वर्षीची ती शेवटची—"

तो मध्येच हसला. "अजून ध्यानात हाय तुमच्या? बाई, खरं सांगू? मला लई दिस वाटायचं, चेंडू भेगंत गेला. मंग मीच मनाला म्हणलं, गेला असता तर बाईला दिसला असता. बाई खोटं कशाला बोलतील? माजाच फटका वाकडा गेला असंल, लांब कुटंतरी. त्या दिशी साहेबच जितायला पायजे व्हते. हात लई चांगला चालला त्यांचा. व्हय ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. हौसा माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "हो."

मग बाबा आले. आम्ही निघालो. पुढच्या पोळ्याच्या सुमारास तो गेला.

तिसऱ्या वर्षी भागाजी जिंकला होता. त्याचा फटका वाकडा गेला नव्हता. तो सरळ होता, थोडा उजवीकडे, आणि मी तो पाहिला होता.

आजी